पाळीवरची संध्याकाळ: नागपुरात मित्रांसोबत रानवाट चालून मावळतीचे फोटो कसे काढावेत

नागपुरातल्या नदीनाल्यांचा कल पूर्वेकडे आहे. नाग नदी पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि शहर ओलांडून कन्हान नदीकडे जाते. पिवळी नदी गोरेवाड्याहून निघते, तीही त्याच दिशेनं. वाहतं पाणी अडवायचं तर पाळ, म्हणजे बांध, उताराच्या बाजूला घालावी लागते, म्हणून आंबाझरीसारख्या जुन्या तलावाची पाळ पूर्व अंगाला आहे. त्या पाळीवर उभं राहून पाण्याकडे तोंड केलं की समोर थेट पश्चिम येते. खाली पाणी, पलीकडे झाडांची रेघ आणि तिच्यावर उतरणारा सूर्य, हे सगळं एका चौकटीत आयतं मिळतं. मावळतीचे फोटो शिकायला सुरुवात करणाऱ्याला आणखी काय हवं!

तरीही बहुतेक मंडळींचे फोटो एकाच साच्यातले येतात. सूर्य टेकायला आला की गाड्या लागतात, मग धावतपळत पाळीवर चढायचं, दहा-बारा फोटो काढायचे, दोन सेल्फी, आणि सूर्य बुडाला की चहाच्या टपरीकडे वळायचं. यात चूक फोनची किंवा कॅमेऱ्याची नसते. आधीचा तास-दीड तास गाळलेला असतो, आणि नंतरचा अर्धा तासही. त्या वेळात रानात चालून आलेल्या माणसाला कुठलं झाड कुठे उभं आहे, बगळे कुठून कुठे उडतात, वारा पडला की नाही, हे सगळं ठाऊक झालेलं असतं. फोटो तिथून येतो. ज्यांनी अशी सहल कधी काढलेली नाही, त्यांनी ती कशी आखावी ते पुढे क्रमानं सांगतो.

सुरुवात घड्याळापासून

सूर्यास्ताची वेळ आधी बघा आणि तिथून मागे मोजत या. नागपूर साधारण ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि भारताचं घड्याळ चालतं ८२.५ अंशांवर. त्यामुळे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा सुमारे १४ मिनिटं मागे असतो. वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला असेल असं आपण धरून चालतो, पण नागपुरात तो नोव्हेंबरच्या अखेरीस येतो, साडेपाचच्या सुमारास. २१ डिसेंबरपर्यंत तो ५:३७ च्या आसपास सरकलेला असतो. संक्रांतीला ५:५०, फेब्रुवारीच्या शेवटी सव्वासहा, २१ मार्चला ६:२५ आणि जुलैच्या सुरुवातीला जवळजवळ ७. त्या दिवसाची नेमकी वेळ हवामानाच्या कुठल्याही अॅपमध्ये दिसते.

आता मागे मोजा. समजा नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आहे, सूर्यास्त साडेपाचला. फोटोच्या जागी पाच वाजता पोहोचलेलं असायला हवं. त्याआधी तासभर चालणं. म्हणजे चालायला सुरुवात चारला, आणि सगळ्यांनी जमायचं पावणेचारला. ग्रुपवर मात्र साडेतीन लिहा. मित्रमंडळी आहे, कोणीतरी पेट्रोल भरायला थांबतंच. परत निघायची वेळही आधीच ठरवून टाका: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं. ही वेळ घरी सांगून निघा.

दिशासुद्धा महिन्यानुसार बदलते, आणि नवख्यांच्या हे लक्षात येत नाही. २०-२१ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. डिसेंबरात तो पश्चिमेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. मार्चमध्ये जो सूर्य पाण्याच्या मधोमध बुडाला, तो डिसेंबरात डावीकडच्या झाडांमागे जाईल. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि डिसेंबरासाठी २४५ अंश, जूनसाठी २९५ अंश कुठे येतात ते आदल्या फेरीतच बघून ठेवा.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत दुपारी चारला चालणं सुखाचं असतं, तलावांवर पाहुणे पक्षी आलेले असतात आणि सूर्यास्त लवकर होत असल्यामुळे फार रात्र व्हायच्या आत घरी पोहोचता येतं. ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो: ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. पहिली सहल त्या आठवड्यात काढली तर उत्तमच. ऑक्टोबरात पावसानं हवा धुतलेली असते, रंग फार स्वच्छ येतात, पण गवत कमरेइतकं वाढलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. संध्याकाळी सहालाही दगड तापलेले असतात, त्यामुळे नवख्यांना घेऊन तेव्हा जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जूनचे ढग मोहात पाडतात. पण मृगाच्या सुमाराला विजा कडाडत असतील तर उघड्या पाळीवर क्षणभरही थांबू नका, आणि झाडाखालीही नाही. सरळ गाडीत किंवा पक्क्या छताखाली जा.

जागा कोणती घ्यायची

पहिल्या खेपेला आंबाझरी. तलाव १८७० च्या सुमाराचा, शहराच्या पाण्यासाठी बांधलेला. मेट्रोच्या अॅक्वा लाइनवर सुभाष नगर स्टेशनला उतरलं की तलाव जवळ आहे, म्हणजे गाडी नसलेले मित्रही येऊ शकतात. समोर पाणी, पलीकडे झाडी, मागे शहर. सप्टेंबर २०२३ च्या पुरात या तलावाच्या सांडव्यावरून आलेल्या पाण्यानं खालच्या वस्त्यांची काय दशा केली ते नागपूरकर विसरलेले नाहीत. पाळीचा एखादा भाग कामासाठी अडवलेला असेल तर तो ओलांडू नका. तलावाच्या पलीकडचं जैवविविधता उद्यान साडेसातशे हेक्टरांच्या आसपास पसरलेलं आहे. तिथे गवताळ माळ आहे, झुडपं आहेत, चालायला वाटा आहेत. मात्र तिथे दार आहे आणि दाराला वेळ आहे. मावळतीपर्यंत आत थांबता येईल असं गृहीत धरू नका, त्या दिवशीची बंद व्हायची वेळ दारावरच विचारा. दुपारी उद्यानात चालून संध्याकाळी पाळीवर येणं हा सगळ्यात छान बेत, फक्त मधला रस्ता गाडीनं कापावा लागतो, तेवढी वीस-पंचवीस मिनिटं हिशेबात धरा.

फुटाळा तलावाला चालण्यासारखं रान नाही, पण सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर तोच बरा. बसायला जागा आहे, खायला आहे, दिवे आहेत. गर्दीच एवढी असते की रविवार टाळावा. फुटाळ्याआधी सेमिनरी हिल्सवर चालून आलात तर रानाचाही भाग होतो: सागाची आणि इतर झाडं, चढउताराचा रस्ता, आणि ऊन झाडांतून तिरपं येतं तेव्हा सावल्यांचे फोटो सुंदर मिळतात.

गोरेवाड्याचं प्रकरण वेगळं. तलाव १९१२ चा, आणि भोवतालच्या जंगलात बिबटे आहेत, प्राणिसंग्रहालयातले नव्हे, मोकळे. तिथे ठरवून दिलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळेत आणि परवानगीनंच जायचं. "इथून कुंपण तुटलेलं आहे, चला" असं म्हणणारा मित्र प्रत्येक टोळीत असतो. त्याला नाही म्हणायची जबाबदारी बेत आखणाऱ्याची.

हिंगण्याकडचा झिलपी तलाव शहराच्या उजेडापासून लांब आहे, भोवती छोट्या टेकड्या आहेत, आकाश मोठं दिसतं. रामटेकचा गड साधारण ५० किलोमीटरवर. गडावरून पश्चिमेचं सपाट शेतशिवार दूरवर दिसतं आणि सूर्य त्या मैदानावर उतरतो. वानरांपासून खाऊची पिशवी सांभाळा, ती हातात उघडी दिसली की गेलीच. या दोन्ही जागा दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ठेवा, कारण परतीचा प्रवास अंधारात करावा लागतो.

एक गोष्ट नागपुरात विशेष जपावी लागते. फुटाळा आणि अमरावती रोडच्या पट्ट्यात वायुसेना नगर आहे, हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथेच. आंबाझरीच्या पलीकडे आयुध निर्माणीची हद्द आहे. या भिंती, फाटक, पाट्या फोटोत घेऊ नका. ड्रोन तर घरीच राहू द्या, परवानगीशिवाय तो या भागात उडवायचा प्रश्नच येत नाही.

किती जण, आणि कोणी काय करायचं

चार ते सहा. त्याहून जास्त झाले की पक्षी उडून जातात आणि गप्पांचा आवाज रानाच्या आवाजावर बसतो. एकाकडे वेळेची जबाबदारी द्या: कुठे किती थांबायचं आणि कधी निघायचं ते त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कोणी मागे राहत नाही. फोटोची आवड नसलेला एकजण सोबत असला तर फारच चांगलं. तो वाट बघतो, पायाखाली बघतो, सामान सांभाळतो, आणि बाकीच्यांना न दिसलेला खंड्या बहुतेक वेळा त्यालाच दिसतो.

सोबत काय हवं

माणशी एक लिटर पाणी. बंद बूट, लांब पँट, मोजे. रंग मातकट किंवा हिरवट असावेत. अत्तर मारून जाऊ नका, वाटेत झाडावर आग्या मोहोळ असेल तर ते महागात पडतं. विजेरी प्रत्येकाकडे वेगळी हवी, फोनच्या उजेडावर विसंबू नका, कारण संध्याकाळभर फोटो काढून बॅटरी नेमकी परतताना संपते. पॉवर बँक, लेन्स पुसायला मऊ सुती फडकं, खाली बसायला जुनी चादर. ट्रायपॉड एकाकडे असला तरी पुरे.

मोजे आणि लांब पँट हे मी आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळतात, २०१८ मध्ये नागपूर भागात ते बरेच होते. गवत-झुडपांतल्या अगदी बारीक किड्यांची पिल्लं चावल्यानं हा ताप येतो. उघड्या पायांनी गवतात बसायचं नाही, घरी आलं की कपडे लगेच धुवायला टाकायचे आणि अंघोळ करायची. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "मी रानात गवतात फिरलो होतो" हे आवर्जून सांगा.

जानेवारीत दुचाकीवरून जाणाऱ्यांनी गळ्याभोवती जाड रुमाल गुंडाळावा. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी संक्रांतीच्या आगेमागे तो रस्त्यावर आडवा लटकलेला सापडतो. रानात झाडावर अडकलेला मांजा हाताशी असेल तर गुंडाळून पिशवीत घाला, त्यात पक्ष्यांचे पंख अडकतात.

खायला फुटाणे, शेंगदाणे, आणि हंगामात संत्री. सालं झुडपात फेकायची नाहीत. "ती तर कुजतात" हे खरं, पण त्यांना महिने लागतात, तोवर पाळीवर त्यांचा सडा पडलेला असतो. एक पिशवी कचऱ्यासाठी घ्या आणि ती भरून परत आणा.

चालायचं कसं

पहिली दहा मिनिटं कोणीही कॅमेरा काढू नये, हा नियम आमच्या मंडळींत आहे आणि त्याचा फायदा दिसतो. शहराची घाई त्या दहा मिनिटांत उतरते. मग कानाला कोतवालाची शिट्टी वेगळी ऐकू येऊ लागते, सातभाईंची भांडणं वेगळी, टिटवीचा ओरडा वेगळा. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर जवळपास जमिनीवर तिचं घरटं असण्याची शक्यता असते, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडाशी. तिथून मागे फिरा.

झाडं ओळखायला पाच-सहापासून सुरुवात करा. साग त्याच्या ताटाएवढ्या पानांवरून कळतो. पळसाला तीन पानं. मोह, तेंदू, बेल, बाभूळ, हिवर, आणि नाल्याकाठी शिंदीची झाडं. ही ओळख फोटोसाठीही लागते. मावळतीला झाड काळं दिसतं आणि फक्त आकार उरतो, तेव्हा कोणत्या झाडाचा आकार बोलका आहे हे आधी माहीत असलेलं बरं. हिवर आणि बाभूळ छत्रीसारख्या पसरतात, शिंदी एकटी सरळ उभी राहते, साग फेब्रुवारीनंतर निष्पर्ण होतो आणि त्याच्या फांद्यांची नक्षी उरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर पानं गाळून फुललेले असतात. त्यांना सूर्यासमोर धरून काळं करू नका, सूर्य पाठीशी घेऊन घ्या. चारच्या-पाचच्या उन्हात पळस पेटल्यासारखा दिसतो.

पाण्यावर हिवाळ्यात वारकरी, थापट्या, तलवार बदक, नशीब असेल तर चक्रवाक दिसतात. हळदी-कुंकू बदक, टिबुकली आणि पाणकावळे बारमाही. पळसमैनांचे थवे रात्रीच्या थाऱ्याला जाताना आकाशात वळणं घेतात, तो देखावा मिळाला तर फोटो थोडे कमी काढा आणि डोळे भरून बघा. पक्षी उडावेत म्हणून खडा मारणं, टाळ्या वाजवणं, फोनवर त्यांचा आवाज लावणं यातलं काहीही करायचं नाही. पोळी-ब्रेड पाण्यात टाकायचं नाही.

वाटेचा मधला भाग सोडून गवतात शिरू नका. घोणस वाळक्या पानांत पडलेली दिसत नाही, आणि ऊन उतरलं की साप हलू लागतात. पाण्यात पाय सोडायलाही उतरू नका. तळाचा गाळ वरून कळत नाही आणि शेवाळलेला दगड सावरायला वेळ देत नाही. इथे मात्र मी कोणाचीही मित्रामित्रांतली हौस चालू देत नाही.

सूर्य वर असताना

जागेवर पोहोचलात की हात पूर्ण लांब करा, तळवा आडवा धरा आणि क्षितिज ते सूर्य यांच्या मध्ये किती बोटं बसतात ते मोजा. आपल्या अक्षांशावर चार बोटं म्हणजे साधारण अर्धा तास. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हातानं तो झाकूनच मोजा.

या अर्ध्या तासात सूर्याचे फोटो काढायचे नाहीत. त्याच्याकडे पाठ करा. हे ऊन अगदी तिरपं येतं, हवेच्या जाड थरातून येताना निळा रंग विखरून गेलेला असतो, म्हणून ते पिवळं-केशरी आणि मऊ असतं. मित्रांचे चेहरे यावेळी जितके सुंदर येतात तितके दिवसभरात कधी येत नाहीत. त्यांना सूर्याकडे तोंड करून, पण नजर थोडी बाजूला ठेवून उभं करा. किंवा उभं करूच नका, चालताना, संत्रं सोलताना, हसताना टिपा. गवताचे तुरे, कोळ्याचं जाळं, पानांच्या शिरा हे मात्र सूर्याच्या दिशेनं, खाली वाकून घ्या. प्रकाश त्यांच्यातून आरपार येतो.

फोनची लेन्स पुसा. खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकटपणा असतो आणि सूर्यासमोर तो धुक्यासारखा पसरतो. सेटिंगमध्ये जाऊन आडव्या-उभ्या रेघांची चौकट चालू करा. पाण्याची रेघ तिरकी आली की चांगला फोटोही पडका वाटतो.

सूर्य टेकताना

सूर्याची कड क्षितिजाला लागल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत नागपुरात फक्त सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. त्यामुळे चौकट आधी ठरवून तयार राहायला हवं. हिवाळ्यात क्षितिजावर धुळीचा-धुराचा पट्टा असेल तर सूर्य टेकायच्या आधीच त्यात विरून जातो, म्हणून "अजून पाच मिनिटं आहेत" या भरवशावर राहू नका.

फोन समोरचा काळोख बघून फोटो उजळ करायला जातो आणि केशरी आकाश पांढुरकं होतं. उपाय सोपा आहे. सूर्याच्या शेजारच्या उजळ आकाशावर बोट दाबून धरा, लॉक झाल्याचं दिसेल. मग बाजूला येणारी सूर्याची खूण बोटानं खाली ओढा, रंग गडद होईपर्यंत. जमिनीवरचं सगळं काळं होईल, ते होऊ द्या. कॅमेरा असेल तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा) उणे १, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर न ठेवता क्लाउडीवर. ऑटो व्हाइट बॅलन्स केशरी रंगाला दोष समजून तो कमी करतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, नंतर हातात वाव राहतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या काचेतून, त्यातही लांब लेन्सनं, तेजस्वी सूर्याकडे कधीही बघू नका. डोळा कायमचा जायबंदी होऊ शकतो. मागच्या पडद्यावर बघून चौकट लावा.

सूर्य फोटोत इवलासा का येतो, हा नवख्यांचा हमखास प्रश्न. आकाशात त्याचा व्यास फक्त अर्धा अंश आहे. फोनच्या मुख्य लेन्सच्या रुंद चौकटीत तो टिकलीएवढाच येणार. तो मोठा हवा असेल तर उलट विचार करा: झाड किंवा माणूस दूर ठेवा, शंभर-दीडशे पावलं, आणि लांब लेन्सनं घ्या. ३०० मिमी लेन्सवर, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात, सूर्य चौकटीच्या उंचीच्या सुमारे नवव्या भागाइतका होतो. दूरचा माणूस त्याच लेन्सनं तुलनेनं लहान दिसतो, म्हणून सूर्य त्याच्यामागे मोठा वाटतो. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, नुसतं बोटांनी ताणून मोठं करू नका, चित्र फुटतं. आणि लेन्सच नसेल तर सूर्य मोठा करायचा हट्ट सोडा, आकाश मोठं घ्या.

काळ्या आकृत्यांचे फोटो काढताना मित्रांना एकमेकांपासून अंतरावर उभं करा. दोघं खेटले की एकच ढेकूळ दिसतं. चेहरा बाजूनं असावा, म्हणजे नाक-हनुवटी कळते. हात अंगापासून सुटे. तुम्ही स्वतः खाली बसा, म्हणजे त्यांच्या मागे पाण्याऐवजी आकाश येईल. थवा चौकटीत येत असेल तर फोनवर बर्स्ट (एका दमात बरेच फोटो), कॅमेऱ्यावर शटर १/१००० सेकंद.

पाळीवर बसलेल्या अनोळखी माणसांचे, विशेषतः जोडप्यांचे, ओळख पटेल असे फोटो काढू नका. कोळी होडीतून जाळं टाकत असतील तर आधी हात करून विचारा. बहुतेक जण खुशीनं हो म्हणतात, आणि कुठल्या बाजूला पक्षी आहेत तेही सांगतात.

सूर्य बुडाल्यावर

इथे गर्दी उठते. तुम्ही बसून राहा.

सूर्य क्षितिजाखाली गेला तरी उंचावरच्या विरळ ढगांवर त्याचा प्रकाश खालून पडत असतो. म्हणून सर्वात गडद गुलाबी-लाल रंग पुष्कळदा सूर्यास्तानंतर दहा ते वीस मिनिटांनी येतात. दुपारी आकाशात पिसांसारखे उंच ढग दिसले तर त्या संध्याकाळकडून आशा ठेवा. पश्चिमेला खालून दाट ढग चढत असतील तर प्रकाशाची वाटच बंद होते. आकाश अगदी निरभ्र असेल तर रंग साधा, पण पट्टे स्वच्छ मिळतात: खाली केशरी, मग फिकट पिवळा, वर निळा.

एकदा मागे वळून पूर्वेकडेही बघा. क्षितिजालगत निळसर-राखी पट्टा वर चढताना दिसतो, त्याच्या डोक्यावर गुलाबी झाक असते. तो निळसर पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. झिलपीसारख्या मोकळ्या जागी ती फार छान दिसते. पौर्णिमा असेल तर याच बाजूला, याच सुमाराला चंद्र उगवतो. कोजागिरीला आंबाझरीच्या पाळीवरून समोर मावळती आणि पाठीशी शहरावर चढणारा चंद्र, दोन्ही मिळतात. त्या संध्याकाळी थर्मासात आटवलेलं दूध न्यायला हरकत नाही.

आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्यानं सरतो. सूर्यास्तानंतर २३ ते २५ मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होऊ लागतं. या वेळात शटर मंद होतं, हात हलला की फोटो पुसट येतो. फोन दगडावर किंवा ट्रायपॉडवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. हिवाळी संध्याकाळी वारा पडतो, पाणी स्थिर होतं, आणि आकाश खाली जसंच्या तसं उतरतं. कॅमेरा पाण्याच्या पातळीकडे जितका खाली न्याल तितकं प्रतिबिंब भरून येईल. सगळ्यांचा एकत्र फोटो आता काढा. आकाश अजून निळं आहे तोवर एका मित्रानं विजेरी पांढऱ्या रुमालातून सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे धरायची. फ्लॅशपेक्षा हा उजेड कितीतरी मवाळ येतो.

ठरलेली वेळ झाली की विजेऱ्या लावून निघा, आलेल्या वाटेनंच, जवळच्या वाटेचा शोध न घेता. गाडीपाशी माणसं मोजा.

घरी आल्यावर

सगळे फोटो त्याच रात्री ग्रुपवर ओतू नका. प्रत्येकानं दुसऱ्या दिवशी आपले तीन निवडायचे, तीनच. निवडताना आपण का थांबलो होतो ते आठवावं लागतं, आणि पुढच्या वेळी डोळा तिथे आपोआप जातो. सुधारणा मोजकी करा: रेघ सरळ करणं, कडेचा कचरा कापणं, काळा भाग थोडा उजळणं. रंग ओढून ताणून भगवे-जांभळे केले की ते आकाश नागपूरचं राहत नाही. मित्राचा चेहरा ओळखू येत असेल तर टाकण्यापूर्वी त्याला विचारा.

तारीख, वेळ, जागा आणि दिसलेले पक्षी एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात सूर्य कुठल्या झाडामागे जाईल ते त्या नोंदीवरून कळेल. फोटो टाकताना तलावाचं नाव खुशाल लिहा. घरटं, घुबडाची ढोली, टिटवीची अंडी यांची जागा मात्र कुठेच लिहू नका, आणि असे फोटो पाठवण्याआधी त्यांच्यातलं लोकेशन काढून टाका.